वाद कसला, अडवणूक आहे ती

‘अमेरिकेत बंदुकांवरून वाद सुरू आहे’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांनी आता छापू नये. वादाला दोन तुल्यबळ बाजू लागतात. बंदूक घेणाऱ्याची पूर्वीची नोंद तपासून मगच ती त्याच्या हाती द्यावी का, या प्रश्नाला तिथली दहातली नऊ माणसं वर्षानुवर्षं ‘हो’ म्हणत आली आहेत. त्यात घरात बंदूक बाळगणारे आहेत, शिकारीला जाणारे आहेत, रिपब्लिकन पक्षाला मत देणारेही आहेत. दहात नवांचं एकमत झाल्यावर उरते ती अडवणूक, आणि कोण अडवतं हे नाव घेऊन सांगता येतं.

१४ डिसेंबर २०१२. कनेटिकट राज्यातल्या न्यूटाऊन गावी, सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणाने वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची. चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, जो मँचिन आणि पॅट टूमी या दोन सिनेटरांची दुरुस्ती मताला आली. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने तोवर दोघांनाही अव्वल गुण दिलेले. मागणी किती माफक होती बघा. परवानाधारक दुकानदाराला १९९३च्या ब्रेडी कायद्याने जी तपासणी करावी लागते, तीच बंदुकांच्या प्रदर्शनांत आणि इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीलाही लागू करा, एवढंच. कुणाच्या घरातली बंदूक काढून घ्यायची नव्हती. बाजूने ५४ मतं पडली, विरोधात ४६. आणि दुरुस्ती पडली.

५४ हरले आणि ४६ जिंकले, कारण सिनेटमध्ये चर्चा थांबवून निर्णय घ्यायचा तर शंभरात साठ मतं लागतात. हे राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. सिनेटने स्वतःसाठी केलेला हा नियम आहे, आणि साठचा आकडा १९७५ सालचा आहे. त्यात प्रत्येक राज्याला सिनेटर दोनच. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या चार कोटींच्या घरात, वायोमिंगची सहा लाखांहून कमी. दोघांचं वजन सारखं. या अडवणुकीचा इतिहासही स्वच्छ नाही. १९५७ साली काळ्या नागरिकांच्या मतदानहक्काचं विधेयक रोखायला साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटं बोलत उभे राहिले होते. ज्या हत्याराने तेव्हा काळ्या माणसाचा हक्क रोखू पाहिला, त्याच हत्याराने २०१३ साली न्यूटाऊनच्या आईबापांना रोखलं. हे आईबाप त्या दिवशी सभागृहाच्या सज्जात बसलेले होते.

अडवणूक फक्त कायद्याची नाही, माहितीचीही झाली. १९९६ साली अर्कान्सासचे खासदार जे डिकी यांनी सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजपत्रकात एक अट घुसवली: बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी पैसा वापरायचा नाही. संशोधक काय ते समजले. बंदुकीच्या गोळीने कोण मरतं, का मरतं, काय केलं तर वाचेल, हा अभ्यास जवळजवळ वीस वर्षं थंडावला. डिकींना पुढे याचा पश्चात्ताप झाला आणि त्यांनी तो जाहीरपणे लिहूनही सांगितला. संशोधनासाठी काँग्रेसने पुन्हा पैसा मंजूर केला तो २०१९च्या डिसेंबरात. पुढच्याच वर्षी, २०२० साली, अमेरिकेतल्या एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक ठरलं. मोटार अपघात मागे पडले.

‘चांगल्या माणसाच्या हाती बंदूक दिली की वाईट माणूस थांबतो’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच गाव सांगेन: टेक्सासमधलं युव्हाल्डी. २४ मे २०२२ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. टेक्सासच्याच विधिमंडळाच्या अहवालाप्रमाणे ३७६ सशस्त्र पोलीस आणि सुरक्षा अधिकारी तिथे पोचले होते. मारेकऱ्याला गाठायला त्यांना ७७ मिनिटं लागली. वर्गात अडकलेली मुलं फोनवरून मदत मागत होती. मारेकरी अठरा वर्षांचा होता. अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच त्याने दुकानातून रीतसर रायफली घेतल्या होत्या. अमेरिकेत दारू प्यायला एकवीस पूर्ण व्हावी लागतात. केंद्राच्या कायद्याने परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायलाही एकवीसच. रायफलीला मात्र अठरा पुरतात. अठरा वर्षांच्या पोराला युद्धातलं हत्यार विकू नये, असं माझं मत आहे, आणि त्यात मला दुसरी बाजू दिसत नाही. युव्हाल्डीनंतर महिनाभरात एक कायदा झाला, एकवीसच्या आतल्या ग्राहकांची तपासणी कडक झाली. पाऊल खरं, पण फार तोकडं.

यात आपलीही मुलं आहेत. न्यू जर्सीत, डॅलसमध्ये, बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांतली पाच-सहा वर्षांची मुलं शाळेत ‘लॉकडाऊन ड्रिल’ शिकतात: दिवा बंद, दाराला कडी, खिडकीपासून लांब कोपऱ्यात अंग चोरून बसायचं, आवाज करायचा नाही. पुण्या-नाशकातल्या आजी-आजोबांना हे नातवंडंच व्हिडिओ कॉलवर सांगतात. ‘हा त्यांचा अंतर्गत प्रश्न’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या आजीला विचारावं.

साठ मतांचीच अडवणूक औषधाचीही झाली: आता इन्सुलिन. ज्यांनी ते शोधलं त्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली आपलं पेटंट टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं; औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. शंभर वर्षांनी अमेरिकेत लोक पैशापायी डोस अर्धा करून घेत होते आणि त्यात मरत होते. ऑगस्ट २०२२मध्ये सिनेटपुढे प्रस्ताव आला की खासगी विमा असलेल्यांनाही महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त पडू नयेत. ५७ मतं बाजूने, ४३ विरोधात. पुन्हा साठ पाहिजे होती, पुन्हा पडला. ३५ डॉलरची मर्यादा केंद्राच्या कायद्याने मिळाली ती फक्त मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या वृद्धांना आणि अपंगांना. मुलाकडे सहा महिने राहायला निघालेले आपले आईबाप औषधांच्या पट्ट्यांनी अर्धी बॅग भरतात, ते उगाच नाही.

गर्भपाताचा विषय मात्र वेगळा आहे. तिथे प्रामाणिक मतभेद आहेत, हे मला मान्य आहे. पोटातला जीव कधीपासून माणूस मानायचा, हा प्रश्न श्रद्धेचा आहे, आणि त्याचं उत्तर दोन भली माणसं वेगवेगळं देऊ शकतात. पण मरणाच्या दारात असलेल्या बाईवर उपचार करायचे की नाहीत, हा प्रश्न श्रद्धेचा नाही. बेळगावची सविता हालप्पनवार आपल्याला आठवते. ऑक्टोबर २०१२, आयर्लंडमधलं गॉलवे. सतरा आठवड्यांचा गर्भ, गर्भपात अटळ आहे हे डॉक्टरांना कळलेलं. पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून तिची विनंती नाकारली गेली आणि जंतुदोष रक्तात पसरून एकतीस वर्षांची ही दंतवैद्य गेली. आयर्लंडला लाज वाटली. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक लोकांनी गर्भपातावरची घटनेतली बंदी काढून टाकली. आयर्लंड ज्या रस्त्याने पुढे आला, त्याच रस्त्याने अमेरिका मागे गेली. २४ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षांचा हक्क रद्द केला. दोन महिन्यांच्या आत टेक्सासमध्ये अमँडा झुरॉस्की या बाईची गर्भजलाची पिशवी अठराव्या आठवड्यात फुटली. बाळ वाचणार नाही हे स्पष्ट होतं. तरी डॉक्टर थांबले, कायद्याच्या धाकाने, तिला सेप्सिस होईपर्यंत. ती वाचली, शरीराला कायमची इजा घेऊन. सविताच्या मरणातून जगाने जे शिकायचं, ते ऑस्टिन शहरात दहा वर्षांनी शिकलेलं नव्हतं. अमँडाने आणि इतर बायकांनी राज्याविरुद्ध दावा लावला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये तो फेटाळला.

लोकांना विचारलं तेव्हा लोक काय म्हणाले? कॅन्सस हे राज्य १९६८पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला निवडत आलं आहे. तिथे ऑगस्ट २०२२मध्ये राज्याच्या घटनेतून गर्भपाताचं संरक्षण काढावं का, असं विचारलं. ५९ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. ओहायोत असाच हक्क घटनेत घालण्याची मागणी मतदानाला येणार, हे दिसताच तिथल्या आमदारांनी आधी खेळाचा नियमच बदलायला काढला: यापुढे घटनादुरुस्तीला निम्मी नाही, साठ टक्के मतं लागतील. ऑगस्ट २०२३मध्ये मतदारांनी तो डाव उधळला आणि नोव्हेंबरात ५७ टक्क्यांनी हक्कही मिळवला. फ्लोरिडात २०२४ साली नेमकी तेवढीच, ५७ टक्के मतं पडली. तिथे मात्र साठची अट आधीपासून होती, त्यामुळे मागणी हरली. ही साठची अट फ्लोरिडाच्या घटनेत आली २००६ साली, आणि तेव्हा तिला किती मतं पडली होती? सत्तावन्न पूर्णांक काही टक्के! स्वतः साठ न गाठणारा नियम दुसऱ्याकडे साठ मागतो.

फ्लोरिडाचं एवढ्यावर संपत नाही. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला तिथे जन्मभर मत देता येत नसे. २०१८ साली जवळपास ६५ टक्के मतदारांनी ही बंदी उठवली. साधारण चौदा लाख माणसांना हक्क परत मिळणार होता. राज्याच्या विधिमंडळाने पुढच्याच वर्षी कायदा केला: आधी कोर्टाचा सगळा दंड आणि शुल्क भरा, मग मत द्या. दंड किती बाकी आहे हे सांगणारी एकत्रित नोंद राज्याकडेच धड नव्हती. पैसे असतील तर नागरिक, नसतील तर नाही. याला माझ्याकडे एकच शब्द आहे, चोरी.

मिसुरीत तर दोनदा. २०२० साली गरिबांसाठीची मेडिकेड योजना वाढवायला मतदारांनी कौल दिला. आमदारांनी पैसाच दिला नाही, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला दटावावं लागलं. नोव्हेंबर २०२४मध्ये मतदारांनी कामगारांना पगारी आजारपणाची रजा मिळवून दिली. २०२५च्या उन्हाळ्यात आमदार आणि राज्यपालांनी मिळून ती रद्द केली. हॉटेलात भांडी घासणारा माणूस ताप आला तर घरी बसू शकेल का, एवढाच प्रश्न होता.

मुलांच्या गरिबीबद्दल एक आकडा सांगून पुढे जातो. २०२१ साली सरकारने दर मुलामागे दिली जाणारी करसवलत वाढवली आणि जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम दरमहा थेट आईबापांच्या खात्यात टाकली. जनगणना विभागाच्या पूरक मोजणीप्रमाणे त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली, तोवरची सर्वांत कमी. योजना संपली, २०२२मध्ये ती १२.४ टक्के झाली. उपाय हाताशी होता, त्याने गुण येतो हे सिद्ध झालं होतं, आणि तो जाणूनबुजून थांबवला गेला. बंदुकांच्या बाबतीत ज्यांचं नाव मी वर आदराने घेतलं, त्या मँचिन यांचा नकारच इथे निर्णायक ठरला.

मग बहुमत म्हणेल ते न्याय्य, असं माझं म्हणणं आहे का? मुळीच नाही. १९५८ साली गॅलपने अमेरिकनांना विचारलं, काळ्या-गोऱ्यांचे विवाह तुम्हाला मान्य आहेत का? ‘हो’ म्हणणारे होते चार टक्के. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे विवाह रोखणारे कायदे मोडीत काढले, तेव्हाही बहुसंख्य समाज विरोधातच होता. न्यायालयाने योग्यच केलं. दोन माणसांनी लग्न करण्याने तिसऱ्याचं काहीही हिरावलं जात नाही, म्हणून तो प्रश्न मताला टाकायचाच नसतो. समलिंगी विवाहाला २०१५ साली मान्यता मिळाली, तीही याच न्यायाने.

आणि फाशीच्या बाबतीत तर आजही बहुमत माझ्याविरुद्ध आहे. निम्म्याहून थोडे अधिक अमेरिकन खुन्याला मृत्युदंड द्यावा म्हणतात. तरी मी म्हणेन, देऊ नये. केनेथ स्मिथ या माणसाने पैसे घेऊन एका बाईचा खून केला होता. गुन्हा घोर, यात शंका नाही. अलाबामातल्या ज्युरीतल्या बारांपैकी अकरा जण म्हणाले, जन्मठेप द्या. न्यायाधीशाने ते बाजूला सारून मृत्युदंड दिला. न्यायाधीशाचा हा अधिकार अलाबामाने २०१७ साली काढून घेतला, पण आधीच्या कैद्यांना त्याचा लाभ दिला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये विषारी इंजेक्शन द्यायला त्याला बांधलं, शीर सापडेना म्हणून तासाभराने परत कोठडीत नेलं. २५ जानेवारी २०२४ रोजी चेहऱ्यावर मास्क बांधून नायट्रोजन वायूने मारलं. जगात ही पद्धत शिक्षेसाठी पहिल्यांदाच वापरली गेली. १९७३पासून अमेरिकेत मृत्युदंड झालेली सुमारे दोनशे माणसं पुढे निर्दोष ठरून सुटली आहेत. ज्या यंत्रणेकडून इतक्या चुका होतात, तिच्या हाती दुरुस्त न होणारी शिक्षा देणं मला पटत नाही, कितीही लोकांना पटो.

राहिला आपल्या घरातला विषय: जात.

फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झालेला तो ठराव मांडला होता क्षमा सावंत यांनी. जन्म पुण्यातला, वाढल्या मुंबईत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयेशा वहाब यांनी राज्यभरासाठी विधेयक आणलं. सिनेटमध्ये पहिल्या फेरीत ३४ विरुद्ध १. विधानसभेतही प्रचंड बहुमत. कार्यकर्ते सॅक्रामेंटोत उपोषणाला बसले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. दोन सभागृहांनी दिलेलं एका सहीने काढून घेतलं. अडवणूकच ही, पण यावेळी अडवायला जोर लावणाऱ्यांत आपली माणसं पुढे होती.

त्यांचा पहिला आक्षेप: कायदा हिंदूंनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. विधेयकात कुठल्याही धर्माचं नाव नव्हतं. आणि जात ही एकट्या हिंदूंची राहिलेली नाही, हे गोव्यात चर्चमध्ये जाणाऱ्या बामण, चारडो आणि सुदीर कुटुंबांना विचारा. दुसरा आक्षेप न्यूसम यांचा: वंशपरंपरेवरून भेद करायला आधीच बंदी आहे, वेगळा शब्द कशाला? याचं उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे. लिंगावरून भेदभाव करायला १९६४पासून बंदी होती. तरी १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गरोदर बाईला सवलतीतून वगळणं म्हणजे लिंगभेद नव्हे. मग १९७८ साली काँग्रेसला ‘गरोदरपण’ हा शब्द कायद्यात लिहावा लागला. कायद्यात शब्द नसेल तर पीडिताला आधी शब्दासाठी लढावं लागतं, मग न्यायासाठी. त्यातून जातीची तक्रार करणाऱ्याला सर्वांत आधी स्वतःची जात उघड करावी लागते, ज्या कार्यालयात ती लपवूनच तो टिकलेला असतो तिथे.

‘अमेरिकेत कुठली आली जात’ असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत शिकत असताना त्यांचं जातिसंस्थेवरचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली निघालं. हिंदू परदेशी गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, हा इशारा त्यांनी त्यात दिला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा आपला निबंध वाचताना पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी केतकरांचा तोच इशारा उद्धृत केला. एक चित्पावन, एक महार. दोघेही मराठी, दोघेही अमेरिकेत, आणि या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत. कॅलिफोर्नियातलं विधेयक पुन्हा येऊ शकतं. आलं, तर सनीवेल आणि फ्रीमाँटमधल्या ज्या मराठी घरांत आता अमेरिकेचं नागरिकत्व आणि मत दोन्ही आहे, त्यांनी आपापल्या आमदाराला पत्र धाडावं, बाजूने मत दे म्हणून, आणि पत्रात ही दोन नावं आणि ही दोन सालं लिहावीत.